४.४४ कुठून आलं?

खानापूर, आटपाडी, विटा या भागातली माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या कामासाठी, देशभर पांगली. त्यातलंच एक घर आमचं. वडिलांचं गलाईचं दुकान कोलकात्याच्या बडाबाजारात, सोनापट्टीला लागून. दहावीनंतर मी खिदिरपूरच्या ज्ञानचंद्र घोष पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि तिथून लॅटरल एंट्रीनं जादवपूर विद्यापीठात, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलो. आता दर जूनमध्ये गावाकडून कुणाचा तरी फोन येतो. "पोराला अकरावी सायन्सला घालू, का डिप्लोमा करू दे?" दर वेळी फोनवर तुटक-तुटक सांगतो आणि निम्मं राहून जातं. म्हणून एकदा लिहूनच काढतो.

१. आधी हिशोब समजून घ्या

दहावी, बारावी आणि चार वर्षं पदवी म्हणजे सोळा वर्षं. दहावी, तीन वर्षं डिप्लोमा आणि तीन वर्षं पदवी म्हणजेही सोळाच. वर्ष वाया जातं हा गैरसमज अजून गावोगाव आहे, तो आधी डोक्यातून काढा. पुढं परदेशात एमएससाठी अर्ज करायचा झाला तरी ही सोळा वर्षं भरतात.

फरक जागांचा आहे. एआयसीटीईच्या नियमानुसार दुसऱ्या वर्षाला मंजूर संख्येच्या दहा टक्क्यांपर्यंत जादा जागा लॅटरलसाठी ठेवता येतात. पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही त्यात धरतात, पण नावाजलेल्या सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या जागा रिकाम्या राहतात कुठं? साठ जणांच्या वर्गात सहा जागा, असं धरून चाला. महाराष्ट्रात हे प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर आणि कॅप राउंडवर, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून होतात, म्हणजे डिप्लोमाचा प्रत्येक मार्क मोलाचा. बंगालमध्ये जेलेट नावाची वेगळी प्रवेश परीक्षा आहे, राज्याचं जॉइंट एंट्रन्स बोर्ड ती घेतं. तिथं डिप्लोमाला काठावर पास झालेलाही परीक्षेत बाजी मारू शकतो आणि डिस्टिंक्शनवाला बाहेर राहू शकतो. दोन्ही पद्धती पाहिल्यावर मला बंगालची जास्त न्याय्य वाटते. कोणत्या कॉलेजात इंटर्नलचे मार्क हात सैल सोडून दिले जातात, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

२. जेलेट ही मुख्यतः गणिताची परीक्षा आहे

तिथं इलेक्ट्रिकलचं मूळ ज्ञान विचारतात, मेकॅनिक्स विचारतात, पण पारडं फिरवतं ते गणित. डिप्लोमात गणित पहिल्या वर्षात संपतं आणि पुढची दोन वर्षं पोरगं स्विचगिअर, मशीन्स, वायरिंग यांत रमतं. परीक्षेच्या वेळी इंटिग्रेशनला हात घालायला जातं तेव्हा सगळं पुसलेलं असतं. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, त्यामुळे अंदाजपंचे गोळ्या झाडण्यात अर्थ नाही. दुसऱ्या वर्षापासून रोज अर्धा तास गणित चालू ठेवा. क्लास लावायचा की नाही, हा ज्याच्या-त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. माझं काम कॉलेज स्ट्रीटवर घेतलेल्या ग्रेवालच्या गणिताच्या जुन्या पुस्तकावर भागलं. आधीच्या मालकानं त्यात महत्त्वाची उदाहरणं लाल शाईनं खूण करून ठेवली होती, आणि त्याची निवड चांगली होती.

३. प्रवेश मिळाल्याच्या दिवशी दोन अभ्यासक्रम शेजारी-शेजारी ठेवा

सगळ्यांत कामाची गोष्ट ही, आणि ती कुणीच सांगत नाही.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाण्याची वाट मळलेली आहे. कॅलिफोर्नियानं तर १९६०च्या मास्टर प्लॅनमध्येच ती धोरण म्हणून आखून दिली. कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जाईल, याच्या याद्या तिथं सर्वांसाठी खुल्या असतात. विद्यार्थी पहिल्या दिवसापासून त्या याद्या बघून विषय घेतो. आपल्याकडे दार उघडून देतात, आत काय-काय राहिलंय ते ज्याचं त्यानं शोधायचं.

म्हणून हे काम स्वतःच करा. पदवीच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम छापून घ्या, शेजारी डिप्लोमाचा ठेवा आणि पेन्सिलीनं खुणा करत जा. इलेक्ट्रिकलवाल्याच्या यादीत साधारण हेच निघेल: मॅट्रिक्सची आयगेन व्हॅल्यू, अनेक चलांचं कॅल्क्युलस, व्हेक्टर कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, भौतिकशास्त्रातलं इलेक्ट्रोमॅग्नेटिझम आणि थोडं प्रोग्रॅमिंग. दुसऱ्या वर्षाच्या शिक्षकांनी हे सगळं झालंय असं धरलेलं असतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. समोरच्या वर्गातल्या बहुतेकांचं ते झालेलं असतं. सर्किट थिअरीच्या तासाला फळ्यावर लाप्लास येतं, फील्ड थिअरीच्या तासाला कर्ल आणि डायव्हर्जन्स येतात. निकाल आणि वर्ग सुरू होणं यांच्यामध्ये जे काही आठवडे मिळतील ते याच यादीला द्या. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. इंग्रजी झेपत नसेल तर वेग कमी करून ऐका, त्यात लाज कसली?

४. सूत्र पाठ असणं आणि सूत्र आपलं असणं

ट्रान्सफॉर्मरचं ईएमएफ इक्वेशन डिप्लोमाच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा: ई बरोबर ४.४४ एफ एन फाय (फ्रिक्वेन्सी, वेढे, कमाल फ्लक्स). आम्हीही पाठ केलं होतं, त्यावर पाच मार्काची गणितं केली होती, पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. पुस्तकात त्याची सिद्धताही होती. पाव सायकलमध्ये फ्लक्स शून्यापासून कमालीपर्यंत जातो, म्हणून दर वेढ्याला सरासरी ईएमएफ चार एफ फाय, त्याला १.११ या फॉर्म फॅक्टरनं गुणा, झालं ४.४४. हेही पाठच.

मशीन्सच्या पहिल्याच तासाला सरांनी तेच सूत्र लिहिलं आणि विचारलं, "फ्लक्स साइन वेव्ह नसेल तर?"

वर्ग गप्प. १.११ हा आकडा साइन वेव्हपुरताच खरा आहे, हे पुस्तकात लिहिलेलं होतं, पण कधी टोचलं नव्हतं. सरांनी दुसऱ्या बाजूनं मांडणी केली. फ्लक्स साइन धरा, त्याचं कालसापेक्ष डिफरन्शिएशन करा, कमाल व्होल्टेज येतं दोन पाय एफ एन फाय. त्याला वर्गमूळ दोननं भागा. दोन पाय भागिले वर्गमूळ दोन म्हणजे ४.४४. मग म्हणाले, आता व्होल्टेज चौकोनी लाटेचं घ्या. चौकोनी लाटेचा फॉर्म फॅक्टर एक. म्हणजे ४.४४च्या जागी नुसते चार. त्याच गाभ्यावर, तेवढ्याच वेढ्यांवर, तेवढ्याच व्होल्टेजला फ्लक्स अकरा टक्के जास्त. साइनसाठी काठोकाठ बेतलेला गाभा अशा वेळी सॅच्युरेट होतो, तापतो.

हा प्रश्न वर्गापुरता नव्हता. वडिलांच्या दुकानात कोळशाची भट्टी जाऊन इंडक्शनवर सोनं वितळवणारं यंत्र आलं होतं. मुशीभोवती तांब्याच्या नळीचं वेटोळं, नळीतून थंड पाणी आणि खालच्या डब्यात हजारो हर्ट्झचा प्रवाह तयार करणारं इलेक्ट्रॉनिक्स. असल्या डब्यांतून निघणारं व्होल्टेज बहुतेक चौकोनीच असतं. यंत्र दुरुस्त करायला येणारा मिस्त्री "इथं साधा ट्रान्सफॉर्मर चालत नाही" एवढंच सांगायचा. त्याचं बरोबर होतं. का बरोबर होतं, त्यातला एक धागा त्या तासाला हाती आला.

डिप्लोमातून पदवीला जाताना नेमकं हेच बदलतं. विषय तेच, मशीन तीच, कित्येकदा पुस्तकाचं कव्हरही तेच. पण "उत्तर किती?" जाऊन "गृहीत काय धरलंस?" असा प्रश्न येतो. जुन्या सवयीनं पाठांतरावर भिस्त ठेवली तर पहिल्या सेमिस्टरला निकाल नरमच लागतो. ज्या लॅटरलवाल्यांना मी पुढं जाताना पाहिलं, त्यांनी डिप्लोमाची जुनी वही काढून एकेका सूत्राशेजारी "हे कधी खोटं ठरेल?" असं लिहायला घेतलं होतं. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

५. हातातलं कसब झाकून ठेवू नका

आता दुसरी बाजू. बारावीवरून आलेल्या हुशार पोरांनी पहिल्या वर्षापर्यंत कधी मेगर धरलेला नसतो. प्रयोगशाळेत अल्टरनेटर मेन सप्लायशी जोडायचा, म्हणजे सिंक्रोनाइझ करायचा प्रयोग असतो. स्विचच्या तिन्ही फेजांवर दिवे लावतात. फ्रिक्वेन्सी जवळ आली की दिवे सावकाश उजळतात, सावकाश मावळतात. तिन्ही विझलेले असताना मधोमध स्विच मारायचा. दिवे एकदम न उजळता एकामागून एक फिरताहेत असं दिसलं तर फेज सिक्वेन्स उलटा आहे, कुठल्याही दोन तारा बदलायच्या. डिप्लोमावाल्याला हे पाहूनच कळतं. प्रत्येक फेजला एक नाही, दोन दिवे सिरीजमध्ये घ्यायचे, हेही त्याला माहीत असतं, कारण एकच दिवा लावून तो उडालेला त्यानं पाहिलेला असतो.

दोनच का, हे मात्र त्याला सांगता येत नाही. दोन्ही बाजूंचे फेज उलट दिशेला आले की स्विचच्या टोकांवर फेज व्होल्टेजच्या दुप्पट, म्हणजे २३०च्या ठिकाणी ४६० व्होल्ट येतं. हे बारावीवाला फेजर काढून झटक्यात दाखवतो. आमच्या बॅचला एका बारावीवाल्याशी माझी अशीच जोडी जमली. मी जोडणी करायचो, तो फेजर काढायचा; नंतर काम अदलून-बदलून करायचो. जेवणाच्या सुट्टीत मिलनदाच्या कँटीनमध्ये तो मला सिग्नल्स शिकवायचा आणि मी त्याला थ्री-पॉइंट स्टार्टरचं हँडल एकदम का ओढू नये ते सांगायचो. लॅटरलवाले आपसातच घोळका करून बसतात, ही मोठी चूक. तिथं सगळ्यांना एकच गोष्ट येते आणि एकच येत नाही. त्यातून शिकायचं काय?

६. "रँक कोतो?" आणि इतर प्रश्न

जॉइंट एंट्रन्समधली रँक किती, असं कुणी विचारलं की "जेलेट" म्हणून सांगायचं आणि पुढं चालायचं. दुसऱ्या सेमिस्टरनंतर कुणी विचारत नाही.

मराठी म्हटल्यावर मात्र हमखास "ओ, बर्गी!", म्हणजे मराठा स्वार, असं ऐकू येतं. १७४०च्या दशकातल्या भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगाली अंगाईत अजून चालू आहेत. त्यांना अडवायला १७४२ साली शहराभोवती खणलेला मराठा डिच बुजून त्यावर रस्ता झाला, आठवण काही बुजली नाही. रागावू नका, हसा, आणि एक गोष्ट ऐकवा. ज्या राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून १९०६ साली बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं आणि पुढं १९५५ साली त्याचं जादवपूर विद्यापीठ झालं, त्याच चळवळीतल्या बंगाल नॅशनल कॉलेजचे पहिले प्राचार्य अरविंद घोष होते. ते आले होते बडोद्याहून, सयाजीराव गायकवाडांची नोकरी सोडून. तिथं ते मराठीही शिकले होते. म्हणजे आपण काही फक्त चौथाई वसूल करायलाच आलो नव्हतो.

बंगाली शिका, हे वेगळं सांगायला नको. वर्ग इंग्रजीत चालतो, पण शंका बंगालीत सुटतात. सीनियरला नावापुढं "दा" लावून हाक मारली की जुन्या नोट्स आपसूक मिळतात.

७. पैशाचं भय बाळगू नका

जादवपूरमध्ये इंजिनिअरिंगची वर्षाची फी दोन-अडीच हजारांच्या घरात आहे. महिन्याची नाही, वर्षाची. गावाकडच्या मंडळींना हे खोटं वाटतं. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असणाऱ्या राज्यातल्या घरांतल्या मुलांसाठी स्वामी विवेकानंद मेरिट-कम-मीन्स शिष्यवृत्ती आहे, ती डिप्लोमालाही मिळते आणि पदवीलाही. गलाईवाल्याचं उत्पन्न कागदावर दाखवणं हे वेगळंच प्रकरण आहे, रोखीचा धंदा. तेव्हा उत्पन्नाचा दाखला ऐन वेळी काढायला धावू नका, वर्षभर आधी मार्गाला लावा.

८. गोखले रोडवरच्या इमारतीची गोष्ट

हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला भेटणारे एक काका होते. डिप्लोमावर नोकरीला लागले, शिफ्ट ड्यूटी करत-करत एएमआयई झाले आणि इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. मला लॅटरल मिळाल्याचं कळल्यावर म्हणाले, "आमच्या वेळी असं दार असतं तर माझी दहा वर्षं वाचली असती रे."

एएमआयई म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा. ही संस्था १९२० सालची, १९३५ साली तिला रॉयल चार्टर मिळाला आणि तिचं मुख्यालय कोलकात्यात ८, गोखले रोडवर आहे. होय, आपलेच गोपाळ कृष्ण गोखले. डिप्लोमा झालेल्या, नोकरी सोडणं न परवडणाऱ्या कितीतरी माणसांनी तिच्या सेक्शन ए आणि सेक्शन बी या परीक्षा घरी अभ्यास करून दिल्या. कॉलेज नाही, हजेरी नाही, प्रयोगशाळा नाही. पुस्तकं आणि टपालानं येणारा निकाल. पूर्ण करणारे थोडे, मधेच सोडणारे फार. पण जे झाले ते पक्के झाले. काकांच्या वहीतल्या सिमेट्रिकल कॉम्पोनंट्सच्या आकृत्या मी पाहिल्यात. आमच्या वर्गात तशा कुणाच्या नव्हत्या.

३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांनाच आता त्या परीक्षेची पदवीशी बरोबरी मिळते. त्यानंतरच्यांना नाही. अजूनही काही एजंट "नोकरी करत एएमआयई करा, बी.ई. मिळवा" म्हणून पैसे घेतात. त्यांच्या नादी लागू नका. डिप्लोमानंतर नोकरी लागली असेल तर चार वेळा विचार करा. लागलेली नोकरी सोडून तीन वर्षं पूर्णवेळ शिकणं जड जातं, पण पंचवीस वर्षांचा ज्युनिअर इंजिनिअर आणि पस्तीस वर्षांचा ज्युनिअर इंजिनिअर यांत पदनामाचा फरक फार वेळा नसतो, हेही पाहिलंय.

९. कागदपत्रं

नोकरीच्या ऑनलाइन अर्जात बारावीच्या टक्क्यांचा रकाना असतो आणि तो रिकामा सोडला तर अर्ज पुढं सरकत नाही. एका मोठ्या खाजगी कंपनीच्या अर्जात डिप्लोमाचा पर्यायच नव्हता. अशा ठिकाणी बारावीच्या जागी डिप्लोमाचे टक्के भरून त्यांना आधी मेलनं कळवून ठेवायचं आणि उत्तराची प्रत जपायची; मुलाखतीच्या दिवशी ती उपयोगी पडते. डिप्लोमाचं प्रमाणपत्र पदवी मिळाल्यावर पेटीत टाकून विसरू नका. रेल्वे आणि स्टाफ सिलेक्शनच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या जागांना ते चालतं, पदवीवर गेट आणि इंजिनिअरिंग सर्व्हिसेस उघडतात. दोन्ही दरवाजे तुमचे आहेत, दोन्हींच्या किल्ल्या सांभाळा.

तर मग फोनवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर. पोराला दहावीत गणित आवडत असेल आणि हातानं काही उघडून बघायची खोड असेल, तर डिप्लोमाला खुशाल घाला. गणिताचा कंटाळा आहे म्हणून घालत असाल तर डिप्लोमापुरतं ठीक आहे, पुढं इलेक्ट्रिकलच्या पदवीची आस धरू नका. तिथं त्याच गणिताशी दुप्पट गाठ पडते. आणि फोन करण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. पात्रता, राखीव जागा, रहिवासी असल्याची अट, तारखा हे सगळं दर वर्षी थोडंफार बदलतं, आणि माझी माहिती माझ्या वर्षाची आहे.